जूनमधली यादी, ऑगस्टमधला पूर

संगणक-शंका : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधले संगणक मी सांभाळतो. साठ्याचा आणि पावत्यांचा सगळा हिशेब एका लिनक्स व्हर्च्युअल मशीनवर आहे. डिसेंबरात मी केडम्प (मशीन कोसळलं तर त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल, म्हणजे डम्प, जपणारी सोय) बसवला, मशीन मुद्दाम पाडून चाचणीही घेतली. डम्प व्यवस्थित मिळाला. मार्चमध्ये आवक वाढली, तेव्हा मशीन बंद न करता मेमरी ८ जीबीवरून १६ जीबी केली. तिसऱ्या रात्री कर्नल पॅनिक झाला, म्हणजे लिनक्सचा गाभाच (कर्नल) कोसळला. डम्पची फाईल तयार झाली, पण डम्प वाचायच्या 'क्रॅश' या प्रोग्रॅममध्ये उघडली की जागोजागी 'सीक एरर' येतो. ज्या प्रोसेसवर संशय आहे तिचीच माहिती दिसत नाही. डिसेंबरात चाललेली गोष्ट मार्चमध्ये का बिघडली? मेमरी वाढवली की दर वेळी मशीन रीस्टार्ट करायचं का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, तुमच्या डिसेंबरच्या चाचणीत काही चूक नव्हती. ती चाचणी ८ जीबीच्या मशीनची होती. मार्चमध्ये जे पडलं ते १६ जीबीचं मशीन होतं, आणि ही गोष्ट केडम्पला कुणी कळवलीच नाही.

मी सांगलीच्या गावभागात राहते. २०१९च्या जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या पोरांनी एक यादी केली होती: कोणत्या घरात म्हातारी माणसं आहेत, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला वरच्या मजल्यावर चढता येत नाही. ऑगस्टमध्ये कृष्णा चढायला लागली. जो तो एकमेकांना फोन करून एकच विचारत होता, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पोरं यादी घेऊन घरोघर फिरली, माणसं बाहेर काढली. पण आमच्या मागच्या वाड्यात जुलैमध्ये एक कुटुंब भाड्यानं आलं होतं, सोबत पंच्याऐंशीची आजी. ते यादीत नव्हते. शेजारणीच्या लक्षात आलं म्हणून आजी वेळेत बाहेर आली. यादी करणाऱ्यांनी कसूर केली नव्हती. यादी जूनची होती आणि पूर ऑगस्टचा.

केडम्पमध्येही अशीच एक यादी असते. ती कुठे असते आणि कोण वाचतं हे कळलं की तुमचा 'सीक एरर' आपोआप उलगडतो.

केएक्झेक (चालू कर्नलमधून थेट दुसऱ्या कर्नलमध्ये उडी मारायची सोय) आणि केडम्प लिनक्समध्ये आले २००५ साली, २.६.१३ या आवृत्तीत. कल्पना साधी आहे. कोसळलेल्या कर्नलवर भरवसा ठेवून त्याच्याच हातून डिस्कवर काही लिहून घ्यायचं नाही, कारण डिस्कचा ड्रायव्हरच बिघडलेला असू शकतो. म्हणून मशीन सुरू होतानाच 'क्रॅशकर्नल' या पॅरामीटरनं थोडी मेमरी बाजूला काढून ठेवतात आणि तिथं दुसरा कर्नल आधीच भरून तयार ठेवतात. पहिला पडला की बायॉसकडे न जाता थेट दुसऱ्यात उडी. दुसरा कर्नल त्या राखीव जागेतच जागा होतो. पडलेल्या कर्नलची मेमरी त्याच्या आजूबाजूला जशीच्या तशी असते आणि तो ती 'व्हीएमकोअर' नावाच्या फाईलच्या रूपात समोर मांडतो.

पण कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत खरी मेमरी आहे, हे त्या दुसऱ्या कर्नलला कसं कळणार? तो स्वतः शोधायला जात नाही. राखीव जागेत त्याच्यासाठी एक यादी ठेवलेली असते, तिला 'एल्फ-कोअर-हेडर' म्हणतात. मेमरीच्या प्रत्येक सलग पट्ट्यासाठी तीत एक नोंद. त्याशिवाय प्रत्येक सीपीयूसाठी एक टिपण, म्हणजे पडते वेळी त्या सीपीयूच्या रजिस्टरांत काय होतं ते कुठे लिहून ठेवलंय याचा पत्ता. दुसऱ्या कर्नलचं सगळं जग एवढंच. जे यादीत नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

आणि ही यादी केडम्प लोड होतो त्या क्षणी बनते. तुमची यादी ८ जीबीची होती. मार्चमध्ये आलेल्या ८ जीबीत कर्नलनं आपल्या काही चीजा ठेवल्या, त्यात तुमची संशयित प्रोसेसही असणार. 'क्रॅश' प्रोग्रॅम तिचा पत्ता घेऊन फाईलमध्ये जातो आणि तिथं तो पत्ताच नसतो. 'सीक एरर'चा अर्थ एवढाच. फाईल खराब झालेली नाही, अपुरी आहे. उरलेलं आता परत मिळणार नाही, हे सांगताना मलाही वाईट वाटतं.

उलटं झालं तर आणखी वाईट. मेमरी काढून घेतली आणि यादीत ती तशीच राहिली, तर दुसरा कर्नल नसलेल्या जागी वाचायला जातो आणि तोही पडू शकतो. मग हाती काहीच येत नाही.

रीस्टार्ट मात्र करू नका, त्याची गरज नाही. केडम्पची सेवा तेवढी पुन्हा लोड केली की यादी नव्यानं बनते. बहुतेक डिस्ट्रिब्युशनांत यासाठी यूडेव्हचा (सामान आलं-गेलं की ठरलेलं काम करणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) नियम असतो: सीपीयू किंवा मेमरी आली, गेली, चालू झाली, बंद झाली की केडम्प पुन्हा लोड करायचा. तुमच्या मशीनवर हा नियम नसावा, किंवा केडम्प हातानं बसवताना राहून गेला असावा. आधी ते तपासा.

पण या जुन्या पद्धतीचं दुखणं मी स्वतः भोगलंय, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

२०१८च्या मार्चअखेरीला मी इथल्याच एका पतसंस्थेचे सर्व्हर सांभाळत होते. व्याज आकारणी सुरू होती आणि व्हर्च्युअल मशीन १६ जीबीवर गुदमरत होतं. रात्री पावणेबाराला मी ते चालू असतानाच ४८ जीबी केलं. आमचा यूडेव्हचा नियम जागेवर होता, मी निश्चिंत होते. आता हिशेब बघा. अशा मशीनवर लिनक्स मेमरी १२८ एमबीच्या ठोकळ्यांनी जोडतो. ३२ जीबी म्हणजे २५६ ठोकळे. प्रत्येक ठोकळ्याची एक घटना आणि प्रत्येक घटनेला केडम्प पुन्हा लोड. पुन्हा लोड म्हणजे काय, तर आधीचा दुसरा कर्नल काढून टाकायचा, डिस्कवरून कर्नल आणि इनिटआरडी (सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या फाईलींचा गठ्ठा) परत वाचायचे, यादी बनवायची, चेकसम (काही बदललं का ते ओळखायचा आकडा) काढायचा, सगळं राखीव जागेत भरायचं. असं २५६ वेळा. यादीतली एक ओळ बदलायची म्हणून अख्खी वही फाडून नवी लिहायची, आणि तेही सर्व्हरवर आधीच भार असताना.

त्या मधल्या काळात राखीव जागा पुन्हा पुन्हा रिकामी होत होती. नेमका तेव्हाच पॅनिक आला. दुसरा कर्नल जागेवर नव्हता, त्यामुळे उडी मारायला कुठे काही नव्हतंच. मॉनिटरवर 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग' आणि वर पंचवीसेक ओळी, त्यातल्या पहिल्या सरकून गेलेल्या. मी मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे, आणि त्या रात्री काय बिघडलं होतं ते मला आजही सांगता येत नाही. व्याजाचं काम पहाटे साडेचारला पूर्ण झालं. कारण कळलं नाही ही बोच मात्र राहिली.

मशीनचं सामान बदलतं तीच त्याची सर्वांत नाजूक घडी असते. नवी मेमरी आली, ड्रायव्हर हलले, कर्नलच्या आतल्या रचना बदलल्या. पडायची शक्यता तेव्हाच जास्त, आणि जुनी पद्धत नेमकी तेव्हाच पहारा उठवत होती.

यावर उपाय आला लिनक्स ६.६मध्ये, ऑक्टोबर २०२३ला. ओरॅकलमधले एरिक डीव्होल्डर यांनी ते काम पुढे नेलं. त्यांच्या पॅचच्या (कर्नलमध्ये सुचवलेल्या बदलाच्या) पंचवीसहून जास्त आवृत्त्या झाल्या, तेव्हा कुठे ते मुख्य कर्नलमध्ये आलं. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. आता घटना घडली की चालू कर्नल स्वतःच राखीव जागेतली यादी जागच्या जागी बदलतो. दुसरा कर्नल आणि इनिटआरडी यांना हात लागत नाही, डिस्कवरून काही वाचावं लागत नाही.

हे आधीच का केलं नाही, असं तुम्हाला वाटेल. आड आली ती सुरक्षेचीच एक चांगली सोय. पहिला कर्नल पडल्यावर दुसऱ्यात उडी मारायच्या आधी 'पर्गेटरी' नावाचा एक छोटा कोड चालतो. राखीव जागेत भरलेल्या भागांचा एसएचए-२५६ चेकसम तो पुन्हा काढून लोड करतानाच्या चेकसमशी ताडून बघतो. पडता पडता बिघडलेल्या कर्नलनं राखीव जागेतही काही खरडलं असेल, तर ते चालवू नये म्हणून. चेकसम जुळला नाही की पर्गेटरी तिथंच फिरत राहतो आणि मशीन गप्प उभं. आता यादीही त्याच चेकसममध्ये मोजली जात होती. म्हणजे यादी प्रामाणिकपणे दुरुस्त केली तरी पर्गेटरी तिला खाडाखोड समजणार. म्हणून नव्या व्यवस्थेत यादीचा भाग चेकसममधून वगळला. कर्नल आणि इनिटआरडीचा चेकसम पूर्वीसारखाच राहिला.

दुसरी अडचण जागेची. यादी वाढणार, तर वहीत पानं आधीच जास्त हवीत. म्हणून कमाल किती पट्टे मावतील ते कर्नल बांधतानाच ठरवतात. ठरावीक आकडा ८१९२. एक नोंद ५६ बाइटची, म्हणजे सगळी मिळून ४४८ केबी. १२८ एमबीच्या ठोकळ्यांनी १ टीबी मेमरी जोडली आणि प्रत्येक ठोकळा इतरांपासून सुटा असला तरी ते सगळे त्यात मावतात. एवढ्या मोठ्या फायद्यासाठी अर्धा एमबीसुद्धा लागत नाही.

बदलताना एक क्षण उरतोच. एक्स८६वर (इंटेल-एएमडी प्रकारच्या प्रोसेसरवर) कर्नल यादी लिहिताना दुसऱ्या कर्नलकडे जाणारा दुवा काढून घेतो, नवी यादी उतरवतो आणि दुवा परत जोडतो, म्हणजे अर्धवट लिहिलेल्या यादीवर कुणी निघू नये. पण हा वेळ काहीशे केबी मेमरीतून मेमरीत उतरवण्याइतकाच. माझ्या त्या रात्रीचं पुन्हा पुन्हा रिकामं होणं आणि हा निमिष, यांची तुलनाच नको.

तुम्हाला शक्य असेल तर ६.६ किंवा त्यापुढचा कर्नल घ्या. तोवर मेमरी वाढवल्यावर केडम्प एकदा हातानं पुन्हा लोड करा आणि बेदाण्याची आवक सुरू व्हायच्या आधी वाढीव मेमरीसकट पुन्हा एकदा मशीन पाडून बघा.

प्रश्न : मॅडम, मी सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. केडम्प आणि हॉटप्लगवर (मशीन चालू असतानाच मेमरी किंवा सीपीयू जोडणं-काढणं) सेमिनार द्यायचा आहे, पण माझ्याकडे फक्त लॅपटॉप आहे. हे प्रत्यक्ष करून बघता येईल का? चालू लॅपटॉपमध्ये रॅम घालून चालेल?
— एक विद्यार्थिनी, विश्रामबाग

उत्तर : चालू लॅपटॉपमध्ये रॅम अजिबात घालू नकोस, रॅम आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात. खरीखुरी काढघाल त्यासाठीच बनवलेल्या मोठ्या सर्व्हरवर होते. तुझं काम क्यूईएमयूनं, म्हणजे लॅपटॉपच्या आतच व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, होईल.

व्हर्च्युअल मशीन २ जीबीचं कर, पण सुरू करताना मेमरीच्या पर्यायात ४ स्लॉट आणि कमाल ८ जीबी असं सांग. हे आधी सांगितलं नाहीस तर नंतर काही जोडता येत नाही. बरेच जण इथंच अडकतात. मग क्यूईएमयूच्या मॉनिटरवर आधी एक मेमरी-बॅकएंड (जोडायच्या मेमरीमागची खरी जागा) बनव आणि 'पीसी-डिम' प्रकारचं उपकरण त्याला जोड. १ जीबी जोडलीस तर आत मेमरीचे ८ नवे ठोकळे दिसतील. ते आपोआप चालू झाले नसतील तर प्रत्येकाच्या 'स्टेट' फाईलमध्ये 'ऑनलाइन' लिही.

मेमरी काढूनही बघायची असेल तर 'ऑनलाइन' ऐवजी 'ऑनलाइन-मूव्हेबल' लिही, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून. साध्या भागात कर्नल स्वतःच्या चीजा ठेवतो, त्या तिथून हलवता येत नाहीत आणि तो ठोकळा मग बंद होत नाही. मूव्हेबल भागात हलवता येण्याजोगी पानंच (मेमरीचे छोटे तुकडे) जातात.

सेमिनारचा गाभा मात्र तुलनेत ठेव. केडम्प लोड कर, यूडेव्हचा नियम बाजूला काढ, मेमरी जोड आणि रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन सिसआरक्यू-ट्रिगर फाईलमध्ये 'सी' हे अक्षर लिही. मशीन तिथंच पडेल. दुसऱ्या कर्नलमध्ये व्हीएमकोअर फाईल मेकडम्पफाईल (डम्प गाळून लहान करणारा प्रोग्रॅम) न वापरता सरळ कॉपी कर, म्हणजे ती एल्फ स्वरूपातच राहील. मग एल्फ फाईल वाचणाऱ्या रीडएल्फनं तिचे प्रोग्रॅम हेडर, म्हणजे यादीतल्या नोंदी, छाप. 'लोड' प्रकारच्या ओळींत नवी १ जीबी आहे का ते बघ. हेच सगळं ६.६ पुढच्या कर्नलवर, तोच नियम नसताना कर. दोन छापील याद्या शेजारी शेजारी फळ्यावर लाव. तुझ्या वर्गाला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

सीपीयूचंही बघ, पण तिथं फसू नकोस. एक्स८६वर आताच्या व्यवस्थेत यादीत सगळ्या संभाव्य सीपीयूंची टिपणं सुरुवातीलाच घातलेली असतात. सीपीयू बंद-चालू केलास तरी यादीत फरक दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे. जे सीपीयू आलेच नाहीत त्यांचं टिपण रिकामं असतं, दुसरा कर्नल ते सोडून देतो.

सेमिनार झाला की कळव. मला खरंच ऐकायला आवडेल.

प्रश्न : ताई, आमच्याकडे ६.६ पेक्षा नवा कर्नल आहे. तरी मेमरी वाढवली की लॉगमध्ये केडम्प पुन्हा पुन्हा लोड होताना दिसतो. नवी सोय चालत नाही का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : सोय असेल, पण यूडेव्हच्या जुन्या नियमाला तिची खबर नसेल. सिस फाईलसिस्टीममध्ये डिव्हायसेस, त्यात सिस्टीम, त्याखाली सीपीयू आणि मेमरी अशा दोन डिरेक्टऱ्या आहेत. दोन्हींत 'क्रॅश-हॉटप्लग' नावाची फाईल बघा (हायफनच्या जागी अंडरस्कोर). तिथं १ असेल तर यादी कर्नल सांभाळतोय. अशा वेळी नियमाच्या सुरुवातीलाच 'ही फाईल १ असेल तर पुढचं सगळं सोडून दे' अशा अर्थाच्या दोन ओळी हव्यात, एक सीपीयूसाठी आणि एक मेमरीसाठी. त्या नसल्या तर कर्नल यादी दुरुस्त करतो आणि वरून जुना नियम सगळं पाडून पुन्हा बांधतो.

तिथं ० असेल तर केडम्प कसा लोड होतोय ते बघा. त्यासाठी दोन सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नलला काम सांगायचे मार्ग, आहेत. २०१४मध्ये ३.१७ आवृत्तीत आलेल्या नव्या कॉलमध्ये यादी आणि पर्गेटरी कर्नल स्वतः बनवतो, त्यामुळे चेकसममधून काय वगळायचं ते त्याच्याच हातात असतं. जुन्या कॉलमध्ये हे सगळं केएक्झेक-टूल्स हे प्रोग्रॅम-पॅकेज बनवून कर्नलच्या हाती देतं. 'मी यादी चेकसममधून वगळली आहे' असं त्या प्रोग्रॅमनं स्पष्ट सांगितल्याशिवाय कर्नल यादीला हात लावत नाही, आणि लावूही नये. नव्या केएक्झेक-टूल्समध्ये त्यासाठी 'हॉटप्लग' नावाचा पर्याय आहे. जुना कॉल वापरावाच लागत असेल तर प्रोग्रॅम अद्ययावत करून तो पर्याय द्या.

तुमचं मशीन पॉवरपीसी (एक्स८६हून वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरचं) असेल तर एक जास्तीची गोष्ट आहे. तिथं सीपीयूंची माहिती दुसऱ्या कर्नलला डिव्हाइस-ट्रीमधून (मशीनमधल्या सामानाच्या नोंदवहीतून) मिळते. नंतर जोडलेल्या सीपीयूवरच पॅनिक झाला आणि तो त्या ट्रीमध्ये नसला, तर दुसरा कर्नल उठतच नाही. म्हणून तिथल्या व्यवस्थेत सीपीयू जोडल्यावर तो ट्रीसुद्धा दुरुस्त करतात.

प्रश्न : मेमरी दुप्पट केली तर क्रॅशकर्नलची राखीव जागाही आपोआप वाढते का? आणि डम्पमध्ये रुग्णांची माहिती जाते का? आम्ही एका दवाखान्याचे सर्व्हर बघतो.
— एक वाचक, मिरज

उत्तर : वाढत नाही. मेमरीच्या प्रमाणात जागा ठरवण्याचं सूत्र दिलं असलं तरी तो हिशेब मशीन सुरू होताना एकदाच होतो. चालू मशीनवर केएक्झेक-क्रॅश-साइज या फाईलमधून ती जागा कमी करता येते, वाढवता येत नाही. मेमरी बरीच वाढवायची ठरली असेल तर पुढच्या ठरलेल्या रीस्टार्टमध्ये आकडा बदलून घ्या. डम्प उतरतो त्या डिस्कवरची रिकामी जागाही तेव्हाच मोजा.

रुग्णांच्या माहितीचा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. मेकडम्पफाईलला पातळी ३१ दिली की शून्यांची पानं, दोन्ही प्रकारचं कॅशे (डिस्कवरून वाचलेल्याची मेमरीतली प्रत), प्रोग्रॅमांचा स्वतःचा डेटा आणि मोकळी पानं असे पाचही प्रकार वगळले जातात. १, २, ४, ८ आणि १६ यांची ती बेरीज. पण कर्नलच्या स्वतःच्या बफरमध्ये, उदाहरणार्थ नेटवर्कवरून नुकत्याच आलेल्या पाकिटांत, नाव किंवा तपासणीचा अहवाल असू शकतो आणि तो डम्पमध्ये जातो. म्हणून ती फाईल रूटशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी ठेवा, बाहेरच्या तंत्रज्ञाला पाठवायची झाली तर दवाखान्याची लेखी परवानगी घ्या आणि तपास संपला की पुसून टाका.